दोन उंबरठे : इंग्लिश आल्म्सहाउस आणि महाराष्ट्रातील धर्मशाळा यांच्या वास्तुरचनेची चिकित्सा

प्रस्तावना

निराधार आणि वृद्ध माणसाला आसरा देणे हे जवळजवळ सर्वच समाजांनी पुण्यकर्म मानले आहे. हे पुण्यकर्म दगड-विटांत उतरते, तेव्हा आसरा घेणाऱ्या माणसाविषयी त्या समाजाची नेमकी धारणा काय आहे, हे कळू लागते. दानपत्रातून दात्याचा हेतू समजतो. आश्रिताविषयीचा त्याचा अंदाज मात्र वास्तूच्या आराखड्यातून समजतो. कोणाला आत घ्यायचे, त्याला किती जागा द्यायची, त्याच्या खोलीला स्वतंत्र दार असावे की नसावे, चूल त्याची असावी की संस्थेची, हे प्रश्न वरकरणी बांधकामाचे वाटले तरी मूलतः ते नैतिक प्रश्न आहेत.

इंग्लंडमधील 'आल्म्सहाउस' ही वास्तू आणि महाराष्ट्रातील धर्मशाळा यांची या दृष्टीने तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाच्या सोयीसाठी येथे 'दोन उंबरठे' ही कल्पना वापरली आहे. बाहेरचा उंबरठा म्हणजे मुख्य प्रवेशद्वार. आत कोणी यावे हे तो ठरवतो. आतला उंबरठा म्हणजे आश्रिताच्या स्वतःच्या खोलीचे दार. आत आलेल्या माणसाचे स्वतःचे असे काही आहे की नाही, हे तो ठरवतो. या दोन परंपरांनी या दोन उंबरठ्यांचे काय केले, आणि वृद्धांच्या निवासाचा आजचा विचार करताना त्यापासून काय घेता येईल, एवढ्यापुरतीच या लेखाची व्याप्ती आहे.

आल्म्सहाउस : दालनाकडून दाराकडे

आल्म्सहाउस म्हणजे दात्याच्या देणगीतून वृद्ध, गरीब व्यक्तींना आमरण राहण्यासाठी बांधलेली घरे. त्यांतील जुन्या संस्थांच्या नावात पुष्कळदा 'हॉस्पिटल' हा शब्द आढळतो. या शब्दाच्या मुळाशी पाहुणा आणि आतिथ्य हा अर्थ आहे. रुग्णोपचाराचा अर्थ त्याला पुढे चिकटला. मध्ययुगातील ही 'हॉस्पिटले' यात्रेकरू, आजारी आणि निराधार अशा सर्वांसाठी होती. म्हणजेच त्यांचे मूळ रूप आपल्या धर्मशाळेपासून फार दूरचे नव्हते.

विंचेस्टर येथील सेंट क्रॉस हॉस्पिटल हे याचे ठळक उदाहरण आहे. बिशप हेन्री ऑफ ब्लोआ याने ते ११३०च्या दशकात स्थापन केले. १३ निर्धन पुरुषांना आत आसरा द्यावा आणि आणखी १०० जणांना रोज अन्न द्यावे, अशी त्याची योजना होती. एकाच संस्थेत आमरण निवास आणि सदावर्त या दोन्ही गोष्टी नांदत होत्या. वाटसरूने मागितल्यास पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यातून बिअर देण्याची तेथील प्रथा आजच्या काळापर्यंत टिकून राहिली. १५व्या शतकात कार्डिनल बोफोर्टने या संस्थेला 'कुलीन दारिद्र्य' भोगणाऱ्यांसाठी नवी शाखा जोडली. त्या सुमारास चौकाच्या कडेने बांधलेल्या निवासांच्या रांगेवर उंच धुराड्यांची ओळ दिसते. वास्तुसमीक्षेच्या दृष्टीने ही धुराडी महत्त्वाची आहेत. प्रत्येक धुराड्याखाली वेगळी शेकोटी आहे आणि प्रत्येक शेकोटीभोवती एका माणसाचे घर आहे, हे दूरवरूनही वाचता येते.

दालनाचे घरांत झालेले रूपांतर एकाच वास्तूत पाहावयाचे असेल, तर चिचेस्टर येथील सेंट मेरीज हॉस्पिटल पाहावे लागते. १३व्या शतकाच्या अखेरीस उभारलेले हे एकच प्रचंड दालन आहे. लाकडी खांबांवर पेललेले उंच छप्पर, दोन्ही बाजूंना खाटांची सोय आणि पूर्वेकडील टोकाला प्रार्थनामंदिर, अशी त्याची मूळ रचना होती. खाटेवर पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी, हा त्यामागचा विचार होता. १७व्या शतकात याच दालनाच्या पोटात छोटी छोटी घरे बांधण्यात आली. प्रत्येक घराला दार मिळाले आणि त्यांची विटांची धुराडी जुन्या छपरातून थेट वर काढण्यात आली. छप्पर मोडून नवी इमारत बांधण्याऐवजी जुन्या छपराखाली स्वतंत्र घरे निर्माण करणारी ही दुरुस्ती पाहिली, की खाट मिळालेल्या आश्रितासही स्वतःचे दार हवे असते, हे तेथील समाजाला सावकाश उमगत गेल्याचे लक्षात येते.

ऑक्सफर्डशायरमधील यूएल्म येथे अर्ल ऑफ सफोक विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस यांनी १४३७मध्ये १३ निर्धन पुरुषांसाठी आल्म्सहाउस स्थापन केले. अ‍ॅलिस ही कवी चॉसरची नात. येथे मध्यभागी चौक, चौकाभोवती छपराखालची पडवी आणि पडवीत उघडणारी घरांची दारे अशी रचना आहे. शेजारी चर्च आणि शाळा आहे. वृद्धाने सकाळी दार उघडले की पडवी, पडवीतून चौक, चौकातून चर्च आणि मुलांचा गलबला, असा खाजगीतून सार्वजनिकाकडे जाणारा क्रम येथे आपोआप साधला जातो. लंडनमधील १७१४ सालच्या जेफ्री आल्म्सहाउसमध्ये हीच कल्पना वेगळ्या रूपात दिसते. तेथे मध्ये प्रार्थनामंदिर आणि तीन बाजूंनी १४ घरांची रांग आहे. १९१४पासून ही वास्तू संग्रहालय म्हणून वापरात आहे.

या वास्तूंचा आकार विशेष लक्षणीय आहे. यूएल्म येथे १३ माणसे, सेंट क्रॉस येथे पंचवीसच्या आसपास, जेफ्री येथे १४ घरे. एका चौकात राहणाऱ्यांना परस्परांची नावे माहीत असतील, एवढाच हा विस्तार आहे. १८३४च्या सुधारित दारिद्र्य कायद्यानंतर इंग्लंडभर उभी राहिलेली 'वर्कहाउस' यांच्या शेजारी ठेवली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. वर्कहाउसमध्ये शेकडो माणसे वर्गवारी करून ठेवली जात. पती-पत्नींनाही वेगळे केले जाई. आसऱ्याला येण्याची कोणास इच्छा होऊ नये, हाच तेथील आराखड्यामागचा हेतू होता. इंग्लंडने दिलेला वारसा म्हणून आल्म्सहाउसकडे पाहताना त्याच देशाने वर्कहाउसही दिले, याचे विस्मरण होऊ देता कामा नये.

धर्मशाळा : ओवरीची उदारता आणि मर्यादा

महाराष्ट्रातील धर्मशाळेची रचना वाड्याच्या आणि देवळाच्या ओवऱ्यांच्या परंपरेतून आलेली आहे. दगडी जोते, मध्ये चौक, चौकाच्या कडेने खांबांवर उभ्या ओवऱ्या, भिंतीत कोनाडे आणि खुंट्या, आवारात आड किंवा विहीर, हे तिचे सर्वसाधारण स्वरूप होय. ओवरीला समोरून भिंत नसते. दोन खांबांमधला खण ही तिच्यातील मोजणीची एकके. एका खणात एक कुटुंब पथारी पसरते, तीन दगडांची चूल मांडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढच्या वाटेला लागते. अहिल्याबाई होळकरांनी १८व्या शतकात देशभरच्या क्षेत्रांत बांधलेल्या धर्मशाळा आणि घाट यांमुळे या परंपरेला महाराष्ट्राबाहेरही मोठे स्थान मिळाले.

ओवरीची उदारता तिच्या उघडेपणात आहे. खण कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणून तो कोणालाही मिळू शकतो. गर्दी वाढली की माणसे सरकून घेतात. दिवे लागणीच्या वेळी एका खणातले भजन चार खणांत ऐकू जाते. वारीच्या दिवसांत हजारो माणसांची सोय अल्प खर्चात होते, ती या लवचिकतेमुळेच. स्वतंत्र दारांच्या आल्म्सहाउसला हे कधीच साधले नसते.

परंतु याच उघडेपणात तिची मर्यादाही आहे. आश्रित हा प्रवासी आहे आणि त्याचे खरे घर दुसरीकडे आहे, हे धर्मशाळेचे गृहीतक आहे. ज्याचे घर दुसरीकडे नाहीच, अशा माणसाचे काय, हा प्रश्न तिच्या आराखड्याने विचारलेला नाही. अपंग, निपुत्रिक, घरातून बाहेर पडलेल्या विधवा आणि क्षेत्रवासासाठी येऊन तेथेच म्हातारी झालेली माणसे ओवऱ्यांच्या आसऱ्याने राहत आली. पण राहत्या माणसासाठी ती ओवरी बांधलेलीच नव्हती. त्यांचे बिऱ्हाड खुंटीवरच्या पिशवीएवढे राहिले.

येथे असा आक्षेप घेता येईल, की धर्मशाळा प्रवाशांसाठी आणि आल्म्सहाउस रहिवाशांसाठी असल्याने ही तुलनाच अप्रस्तुत आहे. मात्र विंचेस्टर आणि चिचेस्टर येथील इतिहास पाहता हा आक्षेप टिकत नाही. तेथेही आरंभ सामायिक दालनाने आणि वाटसरूच्या अन्नदानाने झाला होता. त्या परंपरेत दालनाच्या पोटात घरे बांधली गेली. आपल्या परंपरेत ओवरीला भिंत घातली गेली नाही. वृद्धांची जबाबदारी एकत्र कुटुंब घेईलच, ही खात्री त्यामागे असावी. कुटुंबव्यवस्थेवरील या विश्वासामुळे ज्यांना कुटुंबच नव्हते, त्यांच्यासाठी वास्तुप्रकार घडला नाही, असे म्हणता येईल.

बाहेरचा उंबरठा

आतल्या उंबरठ्याच्या बाबतीत आल्म्सहाउस सरस ठरते, हे मान्य केले तरी बाहेरच्या उंबरठ्यावर दोन्ही परंपरा उघड्या पडतात.

आल्म्सहाउसचे प्रवेशद्वार दात्याच्या मर्जीने उघडत असे. आश्रित त्याच गावचा असावा, सदाचारी असावा, ठरलेल्या वेळी प्रार्थनेस हजर राहावा, अशा अटी सर्रास असत. अनेक ठिकाणी ठरावीक रंगाचा झगा आणि त्यावर संस्थेचे चिन्ह असा वेश होता. सेंट क्रॉस येथे दोन शाखांचे आश्रित काळ्या आणि लाल झग्यांवरून ओळखले जातात. रात्री द्वार बंद होई. स्वतःचे दार मिळे, पण ते आज्ञाधारकपणाच्या मोबदल्यात. शिवाय देणगीच्या उत्पन्नावर पहिला हक्क आश्रितांचा की व्यवस्थापकांचा, हा वाद जुनाच आहे. अँथनी ट्रॉलॉपची १८५५ सालची 'द वॉर्डन' ही कादंबरी अशाच एका काल्पनिक संस्थेतील बारा वृद्धांभोवती आणि त्यांच्या व्यवस्थापकाच्या वेतनाभोवती रचलेली आहे. संपत्तीच्या उगमाचा प्रश्न त्याहून गंभीर होय. रॉबर्ट जेफ्री याने गुलामांच्या व्यापारातून लाभ मिळवला होता, या कारणास्तव २०२०पासून त्याच्या पुतळ्याविषयी जाहीर वाद झाला.

आपल्याकडे बाहेरचा उंबरठा जातीचा होता. पंढरपूरसारख्या क्षेत्री ज्ञातिनिहाय धर्मशाळा उभ्या राहिल्या. ओवरीला भिंत नव्हती, परंतु त्या ओवरीपर्यंत पोहोचण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. यावरून त्या उंबरठ्याची उंची ध्यानात येते. या पार्श्वभूमीवर गाडगे महाराजांचे कार्य वास्तुविचाराच्या दृष्टीनेही मोलाचे ठरते. त्यांनी पंढरपूरला अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. पुढे तेथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. रात्रीपुरता आसरा देणारी वास्तू शिक्षणाच्या वर्षांपुरता निवास देणारी झाली. ओवरीला भिंत घालण्याचे, म्हणजे प्रवाशाला रहिवासी मानण्याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण आहे.

'धर्मशाळा' या शब्दाचा नवा अर्थ

१९व्या शतकात इंग्रजी अमदानीतील शहरांत कायमच्या आसऱ्याची गरज तीव्र झाली, तेव्हा जुनाच शब्द नव्या कामासाठी वापरला गेला. मुंबईत बेलासिस रस्त्यावर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून शतकाच्या मध्यास उभी राहिलेली वास्तू 'धर्मशाळा' म्हणवली गेली, परंतु तिचे काम निराधार आणि वृद्धांना आसरा देण्याचे होते. पुण्यात १८६०च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या नावे अपंग आणि निराधारांसाठी संस्था निघाली. इंग्रजीत ती 'इन्फर्म असायलम' आणि मराठीत 'अनाथ पंगुगृह' म्हणून ओळखली गेली. नवी पेठेतील ही संस्था आज 'निवारा' या नावाने परिचित आहे. पंगुगृह ते निवारा हा नावाचा प्रवास बोलका आहे. पहिल्या नावात आश्रिताची उणीव आहे, दुसऱ्यात त्याची गरज आहे.

जमशेटजी आणि ससून या दोन्ही दात्यांच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा वाटा होता. त्यामुळे जेफ्रीसंबंधी विचारला गेलेला प्रश्न येथेही गैरलागू ठरत नाही. त्याने आसऱ्याचे मोल कमी होत नाही. मात्र दात्याच्या गौरवापेक्षा आश्रिताच्या जागेचा विचार समीक्षेने आधी करावा, एवढे त्यातून निश्चित होते.

आतल्या उंबरठ्याचा प्रश्न महाराष्ट्रात अधिक पूर्णपणे हाताळला गेला तो पारशी समाजाच्या बागांमध्ये. २०व्या शतकाच्या आरंभापासून जेरबाई वाडिया यांच्या पुढाकाराने आणि पुढे त्यांच्या कुटुंबाच्या न्यासांमार्फत मुंबईत अल्प उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. १९३०च्या दशकातील कुलाब्याची खुसरो बाग ही त्यांपैकी सर्वज्ञात आहे. स्वतंत्र बिऱ्हाडे, मध्ये मोकळे मैदान आणि सभोवती एक प्रवेशद्वार, ही रचना आल्म्सहाउसच्या चौकाचे विस्तारित रूप वाटते. येथेही बाहेरचा उंबरठा एका समाजापुरता आहे, ही मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे.

रावेत परिसर आणि १५० हा आकडा

पिंपरी-चिंचवड परिसरात हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही. देहू आणि आळंदी या धर्मशाळांच्या दोन गावांमधल्या पट्ट्यात ही उद्योगनगरी वाढली. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून कामगार येथे आले. त्या पहिल्या पिढीने कारखान्यांतून निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला आहे. कंपनीच्या क्वार्टरचे दार नोकरीपुरते होते. गावाकडची ओसरी भावकीत वाटली गेली.

पवनेच्या काठचे रावेत हे गाव १९९७मध्ये महापालिकेत समाविष्ट झाले आणि शेतघरांच्या जागी बहुमजली संकुले उभी राहिली. या संकुलांत आतला उंबरठा आहे. प्रत्येक सदनिकेला स्वतःचे दार आहे. पण दारापुढे ओसरी नाही. दार उघडले की अरुंद मार्गिका आणि उद्वाहन. मुले परगावी असलेल्या वृद्धासाठी हे दार बहुतेक वेळ बंदच राहते. ओवरीत एकांत नव्हता. सदनिकेत एकांताखेरीज काही नाही.

या ठिकाणी कायदा काय सांगतो, ते तपासणे उपयुक्त ठरेल. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९नुसार राज्य शासनाला टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापन करता येतात; आरंभी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक आणि त्यांत किमान १५० निर्धन ज्येष्ठ नागरिकांची सोय, असा निकष आहे. १५० या आकड्याचा सरळ अर्थ घेतला, तर डोळ्यांपुढे उभी राहते ती लांब मार्गिका, दुतर्फा सामायिक खोल्या आणि एक भोजनगृह असलेली इमारत, म्हणजे वसतिगृह किंवा रुग्णालय यांचा आराखडा. मात्र कलमाची शब्दयोजना 'अशा आश्रमांमध्ये' अशी अनेकवचनी आहे. १५० माणसे एकाच छपराखाली असावीत, असे ती सांगत नाही. १५ जणांचा एक चौक मानला, तर असे १० चौक वेगवेगळ्या वस्त्यांत विखरून बांधता येतील. यूएल्मच्या चौकात १३ माणसे होती, ही बाब अशा वेळी केवळ ऐतिहासिक कुतूहलाची राहत नाही. व्यवस्थापनाचा खर्च वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. पण एका मोठ्या इमारतीत वाचलेला खर्च रहिवाशाच्या एकटेपणातून वसूल होत असतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

निधीचा प्रश्नही या पट्ट्यात अगदीच निरुत्तर नाही. इंग्लंडमध्ये अनेक आल्म्सहाउस व्यावसायिक संघांनी चालवली. जेफ्री आल्म्सहाउस लोहव्यापाऱ्यांच्या संघाच्या ताब्यात होते, तर लंडनच्या माइल एंड भागातील १६९५चे ट्रिनिटी हॉस्पिटल जहाजांचे वृद्ध कप्तान आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी होते. आपल्याकडे कंपनी अधिनियम, २०१३ याच्या सातव्या अनुसूचीत सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांत वृद्धाश्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे. चाकण ते पिंपरी या पट्ट्यातील उद्योगांनी तो निधी आपल्याच निवृत्त कामगारांच्या वस्तीत, एखाद्या चौकाच्या रूपाने खर्च करावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. मात्र कलम १३५मधील खर्च केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता ठेवता येत नाही. त्यामुळे अशा चौकाचा बाहेरचा उंबरठा कंपनी, जात आणि गाव यांच्यापलीकडे खुला ठेवणे ओघानेच येते. ज्या ठिकाणी दोन्ही जुन्या परंपरा कमी पडल्या, नेमक्या त्याच ठिकाणी हा कायदा साहाय्यभूत ठरू शकतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. इंग्लिश आल्म्सहाउसने आश्रिताला स्वतःचे दार, स्वतःची शेकोटी आणि ओळखीएवढा लहान चौक दिला. परंतु प्रवेशद्वारावर दात्याच्या अटी ठेवल्या. महाराष्ट्रातील धर्मशाळेने ओवरीची लवचिक उदारता दिली. परंतु आश्रिताला कायम प्रवासीच मानले आणि प्रवेशद्वारावर जात उभी केली. आजच्या सदनिकेत दार आहे, पण ओसरी गेली आहे.

लंडनच्या बर्मंडसी भागातील अ‍ॅपलबी ब्लू या नव्या आल्म्सहाउसला २०२५मध्ये स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. गजबजलेल्या रस्त्यालगतची ही वास्तू आतल्या बागेभोवती रचलेली आहे. घरांच्या दारांपुढे रुंद, उजेडाच्या, बसायला बाके असलेल्या गॅलऱ्या आहेत आणि सामायिक स्वयंपाकघरात परिसरातील लोकांनाही येता येते. मराठी वाचकाला यातील गॅलरी अपरिचित वाटण्याचे कारण नाही. दारापुढे बसायची, जाणाऱ्या-येणाऱ्याशी चार शब्द बोलायची ती जागा म्हणजे ओसरीच होय. शतकानुशतके दार देत आलेल्या परंपरेला दारापुढच्या ओसरीची गरज पटली आहे. ओसरीच्या परंपरेने आता ओसरीमागचे दार बांधावे आणि ते सर्वांसाठी बांधावे. वृद्धाश्रमाच्या प्रत्येक नव्या आराखड्याची परीक्षा आकड्यापेक्षा या दोन उंबरठ्यांवर झाली पाहिजे.